समुद्र म्हणजे पश्चिम

दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये बुटांच्या कपाटाशेजारी माझं यंत्र उभं असतं. लांब दांडा, खाली चपटी थाळी, वर मूठ. पाहुण्यांना वाटतं व्हॅक्यूम क्लीनर आहे, आणि माझा मुलगा त्यांना तसं वाटू देतो. मी देत नाही. "जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे ते," सरबताचा पेला पुढे करत मी सांगते, "तुमच्या अंगठीवरून फिरवून बघू का?" पाहुणे हसतात, पण हात मागे घेतात.

ते माझ्याकडे आलं ते असं. नवरा गेला, त्यानंतर मुलीने मला कॅनडाला नेलं, आईचं मन रमावं म्हणून. मन कसलं रमतंय, खिडकीबाहेर सगळं पांढरं. पण बर्फ वितळला तसे शेजारचे एक गोरे आजोबा हे यंत्र घेऊन बाहेर पडू लागले. जुन्या घरांच्या परसात जायचे, मालकाला विचारून. यंत्र किणकिणलं की गुडघ्यावर बसायचे, हिरवळीचा चौकोन बर्फीसारखा कापून उचलायचे, खालून काहीतरी काढायचे आणि चौकोन असा परत बसवायचे की खुद्द मालकालाही जागा सापडू नये. मी कुंपणावरून बघत राहायचे. शेवटी त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. त्यांचं इंग्रजी मला कळत नव्हतं, माझं त्यांना कळत नव्हतं, यंत्राचं बोलणं मात्र दोघांना कळायचं. मी निघताना त्यांनी आपलं जुनं यंत्र मला देऊन टाकलं. दुबईच्या विमानतळावर बॅग उघडली, प्रश्न विचारले, कागद भरून घेतले, आणि सोडताना तिथला तरुण म्हणाला, "अम्मा, गोल्ड मिलेगा तो मुझे फोन करना."

गोल्ड मिळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका माझ्याकडे फार संशयाने बघतात. शारजात रोल्लाच्या मागच्या बाजूला अजून काही जुनी बैठी घरं उभी आहेत, मध्ये अंगण आणि कडेने खोल्या अशी. एकेक करून पाडतात. पाडायच्या आधी मी मालकाचा नंबर मिळवते आणि रीतसर विचारते. बरेचसे मालक हसून हो म्हणतात. किल्ल्यांजवळ, वाळवंटात, जिथे खरोखरचं प्राचीन काही असेल तिथे मी पाऊल टाकत नाही, ते सरकारचं. माझं राज्य म्हणजे ज्या अंगणात बायकांनी कपडे वाळत घातले, तेवढंच. तिथे मिळतात सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, केसांच्या पिना, ब्लाउजचे हूक, दहा फिल्सची तांबडी नाणी, ज्यांच्यावर गलबत आहे. आणि कधीमधी, बरंच खाली, आपला नया पैसा. दिरहम यायच्या आधी इथे आपलाच रुपया चालायचा, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. अंगणांनी शिकवलं.

पहिला नया पैसा सापडला तो मी मुलाच्या ताटाशेजारी ठेवला. 'आई, आपण इथे परके, आपण जपून राहायचं,' हे तो मला अधूनमधून ऐकवत असतो.

"बघ," मी म्हटलं, "तुझ्या व्हिसाच्या कितीतरी आधीपासून हा इथे राहतोय. ह्याला कुणी हाकललं नाही."

"आई, जेवताना माती नको," तो म्हणाला.

तर आता त्या घराकडे येते, जिथे मी नवी नवरी म्हणून आले होते.

त्या नव्या नवरीबद्दल मला आज फारसा आदर नाही. दापोलीकडची पोर, बारावी पास, कानांत नव्या कुड्या आणि डोक्यात साऱ्या जगाचं ज्ञान. बॅगेत साड्या कमी, कोकमं जास्त. विमानात हवाईसुंदरीने गोळी दिली ती 'उपवास आहे' म्हणून परत करणारी. नवरा शारजातल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर. त्याने रोल्लामागच्या एका बैठ्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. अंगण सामाईक. समोरच्या खोल्यांत श्रीवर्धनचं एक मुसलमान जोडपं. त्यातली बायको माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून ती माझी आपा झाली आणि मी तिची भाभी. आजही तेच चालू आहे.

येऊन आठवडा झाला नाही तोच ह्या शहाणीने जाहीर केलं, "वास्तुशांत करायची."

भाड्याच्या दोन खोल्यांची! सासूबाईंनी कळवलं की वास्तुशांत घराच्या मालकाने करायची असते, भाडेकरूने नव्हे. गोदीतले मराठी लोक नवऱ्याला चिडवू लागले. तोही म्हणाला, "अगं, उद्या मालकाने काढलं तर वास्तुपुरुषाला काय पेटीत घालून नेणार?"

तेव्हा ती जे म्हणाली ते मात्र मी तिच्याकडून काढून घेणार नाही. ती म्हणाली, "मी इथे स्वयंपाक करते, इथे झोपते, इथे आजारी पडते. घर म्हणजे ह्याहून वेगळं काय असतं, सांगा."

आजवर कुणीच सांगू शकलेलं नाही.

वास्तुपुरुषाची प्रतिमा इथल्या बाजारात कुठून मिळणार? नवऱ्याने गोदीतून विचारून तांब्याच्या पत्र्याचा एक भंगार तुकडा आणला आणि पाळी संपवून आल्यावर, चहा पीत पीत, कानशीने घासून त्याचा माणूस केला. बोटभर उंचीचा. डोकं गोल, हात जोडलेले, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड.

"हा लंगडा झाला," ती म्हणाली.

"भाडेकरू आहे तो," नवरा म्हणाला. "दोन्ही पाय नीट टेकले की मालक भाडं वाढवतो."

भटजी नव्हते, पुण्याहून कुणाकरवी आणवलेली कॅसेट होती. कॅसेटमधले गुरुजी अतिशय घाईचे. 'आता पळीभर पाणी सोडावे' म्हणायचे आणि आमची पळी सापडायच्या आत पुढच्या मंत्रावर. आमचे हात अडकलेले, म्हणून टेपरेकॉर्डर आपाच्या मांडीवर. ती उंबऱ्याबाहेर बसून "थांब रे बाबा, थांब" म्हणत पॉजचं बटण दाबायची, आणि आम्ही तयार झालो की "यल्ला" म्हणून सोडायची. होम घमेल्यात पेटवला. ओल्या काड्यांचा धूर एवढा झाला की गल्लीतले पठाण पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले; त्यांना शिरा खायला घालून परत पाठवावं लागलं.

शेवटी गुरुजी म्हणाले, 'आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून प्रतिमा पालथी ठेवावी.' आपाने पॉज दाबला. शहाणीने अंगणात उभं राहून ऐटीत बोट दाखवलं. नवऱ्याने एकदा तिच्या बोटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्याने खणायला घेतलं. प्रतिमा दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात घालून पुरली. माती लोटली. खलास.

चारेक वर्षांनी मालकाने घर खरोखरच रिकामं करून घेतलं. आम्ही दुसरीकडे गेलो, मग तिसरीकडे. लंगडा तिथेच राहिला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नवरा जिवंत होता, आणखी दहा करून दिले असते.

नवऱ्याने आयुष्यभर हातांनी काम केलं, पण ते सगळं जहाजांसाठी. पंप, झडपा, शाफ्ट. जहाजं दुरुस्त झाली की निघून जायची. त्याच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे काही उरलं नाही. मनगटी घड्याळ आहे, पण ते कंपनीने दिलेलं. फोटो आहेत, त्यांत तो नेहमी डोळे मिटलेला. त्याने स्वतः बसून घडवलेली एकच वस्तू ह्या जगात होती आणि ती शारजातल्या एका अंगणात पालथी पडलेली होती.

गेल्या हिवाळ्यात दुबईतल्याच अल कुसैसहून आपाचा फोन आला. ती तिथे लेकाकडे राहते.

"भाभी, आपला घर पाडतायत गो. लेक त्या बाजूनं आला, त्यानं बघितलं. बोर्ड लागलाय."

"कधी?"

"काय म्हायत. पण वीज कापलीय."

वीज कापली म्हणजे फार दिवस नाहीत, हे मला ह्या धंद्यामुळे कळतं. मी त्या घराशेजारच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, मालकाचा नंबर मिळवला. जुना मालक केव्हाच वारला होता. फोनवर त्याचा नातू होता. चांगलं हिंदी बोलत होता. मी त्याला खरं ते सगळं सांगितलं: आम्ही तुझ्या आजोबांचे भाडेकरू, आमच्यात अशी अशी पद्धत आहे, नवऱ्याने केलेला एक तांब्याचा माणूस तुझ्या अंगणात आहे, तो मला हवा आहे.

"आदमी? जमीन में?"

"छोटा आदमी. उंगली जितना."

"अम्मा, कोई मुश्किल नहीं," तो हसायला लागला. "लेकिन संडे को ही आओ. मंडे सुबह शेवल आएगा. और कुछ पुराना मिले, सच में पुराना, तो पहले मुझे दिखाना." शेवल म्हणजे ते दात असलेलं पिवळं खोदायचं यंत्र. एकदा ते फिरलं की बोटभर तांबं ढिगाऱ्यातून कुणी शोधत नाही.

मुलगा भडकला. त्याला मी दोष देत नाही, त्याचा स्वभाव त्याच्या आजीवर गेलाय.

"आई, तुझा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर आहे. उद्या कुणी पोलिसात कळवलं तर? ओल्ड लेडी डिगिंग इन अ डेमोलिशन साइट!"

"मालकाची परवानगी आहे. व्हॉइस मेसेज आहे. ऐकवू?"

"तुला सत्तरी उलटलीय!"

"म्हणून तर उद्यावर टाकत नाही."

"बाबांनी ते असंच केलं असेल, टाइमपास म्हणून. त्यांना स्वतःलाही आठवलं नसतं."

हे मला लागलं. मी उठून यंत्राची बॅटरी चार्जिंगला लावली. रविवारी सकाळी तोच मला गाडीने सोडायला आला. रस्ताभर तोंड फुगलेलं. फाटकाशी म्हणाला, "बारा वाजता न्यायला येतो. शार्प." आपा आधीच येऊन थांबली होती, बुरख्यावर सुनेचे पांढरे जॉगिंगचे बूट घालून, हातात थर्मास.

"कशाला आलीस गो एवढी नटून?" मी विचारलं.

"घराला शेवटचा बघायचा, तर बघायला नको बरा?"

आत गेलो. दारं-खिडक्या काढून नेलेल्या. आपाच्या खोलीच्या जागी नुसती चौकट, तिच्यातून माझी मोरी दिसत होती. अंगण मात्र तेवढंच. किती लहान होतं ते! ती शहाणी ह्या अंगणाला माहेरच्या पत्रात 'पटांगण' म्हणायची.

मी यंत्र सुरू केलं. ह्या यंत्रात लोखंड गाळायची सोय असते, नाहीतर प्रत्येक खिळ्यावर ते गुरगुरतं. लोखंड गाळलं की ते फक्त तांबं, पितळ, चांदी अशांवर किणकिणतं. मी चारही कोपरे फिरले, भिंतींच्या कडेने फिरले. किणकिण झाली तिथे आपाने खुरप्याने उकरलं. गलबतवाली नाणी आली. नळाची पितळी चकती आली. आपाच्या पैंजणाची घुंगरं आली, तिने ती ओळखली आणि कुणावर तरी तेव्हा चोरीचा आळ घेतला होता म्हणून तिथल्या तिथे दोन्ही गालांवर मारून घेतलं. एक नया पैसा आला. लंगडा आला नाही.

"गेला असेल गो कुणीतरी घेऊन," आपा थर्मास उघडत म्हणाली.

चहाचा घोट घेताना माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा! त्या बावळट नवरीने तांब्याचा माणूस पत्र्याच्या डब्यात घातला होता. पत्रा म्हणजे लोखंड. मी यंत्राला सांगितलं होतं लोखंडाकडे लक्ष देऊ नकोस, आणि यंत्र बिचारं माझं ऐकत होतं.

लोखंड गाळायचं बंद केलं. आता अख्खं अंगण गुरगुरायला लागलं. खिळे, सळ्या, बिजागऱ्या, खाटेचे पाय, देव जाणे काय काय. थाळी ठेवीन तिथे घरघर. सगळीकडे खणायचं तर दोन म्हाताऱ्यांना ईद उजाडली असती. नेमकी जागा हवी होती.

"आग्नेय कोपरा," मी म्हटलं, "एवढं नक्की."

मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. ते फिरलं आणि थांबलं ते मागच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर. तिथे कोपराच नव्हता! ह्या घराचे कोपरे चार मुख्य दिशांना, आणि आग्नेय भिंतीच्या ऐन पोटात. मला मात्र स्पष्ट आठवत होतं, कोपऱ्यात खणलं होतं. नवऱ्याची पाठ दोन्ही भिंतींना घासत होती. तरी मोबाईलचं ऐकून भिंतीच्या मध्याशी खणलं. फाटकाची जुनी कडी निघाली. पुन्हा शेजारी खणलं. रॉकेलच्या स्टोव्हची जाळी. माझे गुडघे बोलायला लागले, आपाचे बूट सुनेला दाखवण्याच्या लायकीचे उरले नाहीत, आणि ऊन भिंतीवरून खाली उतरलं. बारा वाजत आले होते.

मी उलट्या घमेल्यावर बसले आणि प्रथमच त्या शहाणीला मनापासून शिव्या दिल्या. पालथी प्रतिमा, पॉजचं बटण, धूर, शिरा, सगळं ध्यानात ठेवलंस, कोपरा तेवढा ध्यानात ठेवला नाहीस!

"भाभी," आपा म्हणाली, "तवा मोबाईल कुठं होता?"

"नव्हता."

"मंग तुला दिशा कशी कळली?"

होकायंत्र नव्हतं. अंगणातून सूर्य दिसायचा तो थेट डोक्यावर आल्यावर. मग मी बोट दाखवलं कशाच्या आधारावर?

आपाला माझ्या आधी आठवलं. ती उठून अंगणाच्या मध्यावर गेली, फाटकाकडे तोंड केलं आणि हात लांब केला. "तू हितं उभी राहिलीस. बोललीस, आपा, समुद्र कुठं? मी बोलली, ह्या बाजूला. तू बोललीस, मंग ही पश्चिम."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी बोलली, होय, समुद्र म्हणजे पश्चिमच की."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि मग जे हसायला लागलो ते आपाला भिंत धरावी लागली. दापोलीची एक आणि श्रीवर्धनची एक! जन्मल्यापासून समुद्र मावळतीला बघितलेला. समुद्र आणखी कुठल्या दिशेला असू शकतो, हे आम्हा दोघींच्या डोक्यात यायला वावच नव्हता. शारजातला समुद्र वायव्येला आहे. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून साऱ्या पृथ्वीला पाव चक्कराचं अर्धं वळण दिलं होतं, आणि पृथ्वीने हूं की चूं केलं नव्हतं.

मोबाईल मी पर्समध्ये टाकला. आता अक्कल उपयोगाची नव्हती. तो कोपरा फक्त त्या बावळट नवरीलाच सापडणार होता. मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले. समुद्राकडे पाठ केली: ही पूर्व. उजवा हात: ही दक्षिण. दोन्हींच्या मधोमध ऐटीत बोट दाखवलं. बोट बरोबर एका कोपऱ्यात गेलं, जिथे खऱ्या जगात दक्षिण आहे आणि जिथे तेव्हा आमचा कपड्यांच्या दोरीचा खिळा होता.

तिथे थाळी ठेवली. यंत्र गुरगुरलं, जाड, लांब.

एवढ्यात फाटकात मुलगा उभा. कानात इयरफोन. "आई, खलास, चल. रविवार असून मीटिंग लागलीय, म्यूटवर आहे—"

"म्यूटवरच राहा. फावडं घे."

"आई!"

"दीड वीत खण. मग तू म्हणशील तिथे येते. पाहिजे तर मला थेट विमानात बसव."

त्याने ऑफिसचे बूट बघितले, माझं तोंड बघितलं, आपाचे बूट बघितले आणि फावडं घेतलं. वीतभर खाली गेल्यावर माती लालसर झाली. गंजाची माती. डबा उरलाच नव्हता, हात लावला तसा पापड मोडावा तसा मोडला. मी गुडघ्यावर बसून बोटांनी चाचपलं. त्या तांबड्या भुग्यात काहीतरी गार, टणक लागलं. पालथंच होतं. हिरवंगार झालेलं.

पाण्याच्या बाटलीने धुतलं. डोकं गोल, हात जोडलेले, एक पाय आखूड.

मुलाने ते माझ्या हातातून घेतलं. कडेवर अंगठा फिरवला. कानशीच्या रेघा अजून लागत होत्या, बारीक, एकाच दिशेने, एकमेकींना चिकटून. खूप वेळ तो अंगठा फिरवतच राहिला. इयरफोनमधून कुणीतरी त्याचं नाव घेत असावं, कारण त्याने तो काढून खिशात टाकला.

"टाइमपास?" मी विचारलं.

त्याने लंगडा माझ्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा फावडं उचललं.

कबूल केल्याप्रमाणे मी मालकाच्या नातवाला फोटो पाठवला, लंगड्याचा आणि नया पैशाचाही. त्याचा उलट व्हॉइस मेसेज आला: "माशाल्ला अम्मा, ले जाओ, ले जाओ. वो पैसा भी आप ही का है." खड्डे आम्ही बुजवले. उद्या शेवल येणार असला तरी बुजवले. कॅनडातल्या आजोबांची शिकवण.

आपाने गाडीत बसल्या बसल्या श्रीवर्धनला फोन लावला. तिचा नवरा निवृत्त होऊन तिथेच राहतो, त्याला इथली हवा नको. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि दोन कोकणी बायकांनी समुद्रावरून दिशा कशी ठरवली ते सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. पलीकडून भाईजानचं खोकत खोकत हसणं ऐकू आलं.

"आमाला म्हायत होता," ते म्हणाले.

"काय म्हायत होता?" आपा ओरडली.

"की जागा चुकली. मी रोज नमाज पडतो, मला दिशा कळणार नाय? आणि तो तर जहाजावरला माणूस. त्याच रात्री मी त्याला बोललो, अरे, बायकोला सांग की."

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाला तो?"

"बोलला, नको. बोलला, घर तिचा हाय. ती म्हणंल ती आग्नेय."

मुलाने उगाचच आरसा नीट केला. मी लंगड्याला पदरात धरून बसले आणि मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत राहिले. इतकी वर्षं! एका शब्दाने सांगितलं नाहीस! मी जन्मभर लोकांना सांगत फिरले की माझा वास्तुपुरुष अगदी शास्त्राप्रमाणे आहे, तू शेजारी उभं राहून मान डोलवत होतास! भांडण छान रंगलं. फार दिवसांनी त्याच्याशी एवढं भांडता आलं.

आणि त्या शहाणीला मी मघाशी ज्या शिव्या दिल्या, त्या तिथेच, शेख झायद रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मागे घेतल्या. कागदोपत्री घर मालकाचं, व्हिसा नवऱ्याचा, आणि दिशा तर साफ चुकलेल्या. तरीही त्या दोन खोल्यांत एका माणसाच्या लेखी घर तिचं होतं. बाकी कुणाच्या लेखी होतं की नव्हतं, ते आता मी विचारायलाही जाणार नाही.

पुढच्या शुक्रवारी मी बाल्कनीतली कढीपत्त्याची मोठी कुंडी रिकामी करायला घेतली. मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, आता हे काय?"

"वास्तुशांत."

"आई, हे घर रेंटेड आहे."

"म्हणूनच."

त्याने एक उसासा टाकला आणि मोबाईल काढला. होकायंत्र फिरवलं. "आग्नेय बाल्कनीत येतच नाही. ती गेस्ट बाथरूममध्ये येते."

"समुद्र कुठे?"

"तिकडे. त्या इमारतींच्या मागे. पण आई, दिसत नाही इथून. आणि तो वेस्टला नाहीये, तो—"

"दिसायला कशाला हवा," मी म्हटलं आणि कुंडी पायाने ढकलत मला हव्या त्या कोपऱ्यात नेली. "यूट्यूबवर वास्तुशांत लाव. ते गुरुजीसुद्धा घाईचेच असणार. दिशा मी सांगते. तू पॉज सांभाळ."